वाफेचा हिशोब

(आपल्या मंडळाच्या कोजागरीच्या कार्यक्रमात, ईस्ट टामाकीच्या हॉलमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "पंधरा-वीस मिनिटं काहीतरी बोला, दूध आटेपर्यंत." म्हणजे आजचा प्रमुख पाहुणा दूध आहे, मी आपला ते आटेपर्यंतचा वक्ता! पण मी जरा विचार केला आणि म्हटलं, चला, दूध आटतं म्हणजे नक्की काय होतं, यावरच बोलू. त्यामुळे तुमचं अर्धं लक्ष त्या पातेल्याकडे असलं तरी मला वाईट वाटायचं कारण नाही. माझंही अर्धं लक्ष तिकडेच आहे.

तुमच्यापैकी काहींनी मघाशी पाहिलं असेल, गॅसवर चढवण्याआधी आम्ही ते पातेलं बाथरूमच्या वजनकाट्यावर फळी टाकून तोललं. पातेल्यासकट 16.4 किलो भरलं. साखर, केशर, वेलदोडे, बदाम अजून काही पडलेलं नाही आणि माझं बोलणं संपेपर्यंत पडणार नाही, असं वचन मी स्वयंपाकघरातल्या वहिनींकडून घेतलंय. आता प्रत्येकाने मनाशी एक आकडा धरा. मी बोलून खाली बसेन तोवर त्या पातेल्यातून किती वाफ गेलेली असेल? लिटरमध्ये नको, किलोत सांगा. ज्याचा अंदाज सर्वांत जवळ येईल त्याला एक ग्लास जास्त.

आता गोष्ट सांगतो. गोष्ट माझ्याच घरची आहे आणि त्यात मी काही फार शहाणा दिसत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

2023 सालचा हिवाळा. आम्ही तेव्हा इथून जवळच एका जुन्या लाकडी घरात भाड्याने राहत होतो. तुम्हाला ती घरं माहीत आहेत. बाहेरून चित्रासारखी, आणि आत जुलै महिन्यात सकाळी काचेवरून पाणी ओघळत असतं. टॉवेल घेऊन खिडक्या पुसणे हा आमचा प्रातर्विधीच झाला होता. पडद्याच्या मागे काळे ठिपके, कपाटात ठेवलेल्या चामडी बुटांवर हिरवी लव.

जूनच्या सुरुवातीला आई साताऱ्याहून आली. सहा महिन्यांसाठी. आणि जूनच्याच शेवटी आमची धाकटी, वय वर्षं सहा, रात्री खोकायला लागली. आधी खोकला, मग छातीत घरघर. डॉक्टरांनी तपासलं, पंप दिला आणि जाता जाता विचारलं, "घरात ओल आहे का? बुरशी?" मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, "ती कमी करायला हवी. अशा मुलांना तिचा त्रास होतो."

घरी आलो आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. काय बदललं? मे महिन्यात काय नव्हतं आणि जूनमध्ये काय आलं? उत्तर समोरच होतं. ओट्यापाशी उभं होतं, नऊवारीवर स्वेटर घालून.

आई येण्याआधी आमच्याकडे आठवड्यातून दोनदा स्वयंपाक व्हायचा आणि बाकीचे दिवस फ्रीज व मायक्रोवेव्ह. आई आल्यापासून दोन्ही वेळा कुकर, दोन्ही वेळा पोळ्या, आमटीला उकळी, चहाला उकळी, दुधाला उकळी. स्वयंपाकघराच्या खिडकीवर धुकं. मी आईला म्हटलं, "आई, जरा वाफ कमी कर ना. पोरीच्या छातीला बरं नाही ते."

ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर टेबलावर ब्रेड, काकडी आणि दहीपोहे. तिसऱ्या दिवशीही तेच. सौ. म्हणाली, "अहो, आईंनी कुकर धुऊन वरच्या फळीवर ठेवून दिलाय." आणि त्या रात्री पाणी प्यायला उठलो तर आई अंधारात माझ्या मावशीशी फोनवर बोलत होती. हळू आवाजात. "काय सांगू, माझ्या रांधण्याने नातीला धाप लागते म्हणे इथे. डिसेंबरचं तिकीट आधी करता येतं का विचारते."

मंडळी, मी तिथेच थिजलो. आठ हजार मैलांवरून आलेल्या बाईला मी काय ऐकवलं होतं? आणि कशाच्या जोरावर? धुकट खिडकीकडे पाहून! कामावर मी दिवसभर मापं घेतो. कोणी म्हटलं, "साहेब, हा पार्ट जरा मोठा वाटतोय," तर मी विचारतो, किती? कशाने मोजलास? आणि घरी मी न मोजताच निकाल देऊन बसलो होतो.

म्हणून ठरवलं, वाफ मोजायची. घरातल्याच वस्तूंनी. आणि मोजेपर्यंत कोणाला दोष द्यायचा नाही.

बोलणं सोपं, पण वाफ मोजणार कशी? ती हातात येत नाही. खरं तर दिसतही नाही. किटलीच्या तोंडाशी नीट पाहा, अगदी तोंडाला लागून एक बोटभर जागा मोकळी दिसते. खरी वाफ तिथे आहे. त्याच्या पुढे जे पांढरं दिसतं ते वाफेचं गार होऊन बनलेलं पाणी, बारीक थेंब. ते थेंब हवेत विरले की पुन्हा दिसेनासे होतात. म्हणजे जी वाफ दिसते ती खरी वाफ नव्हे, आणि जी खरी वाफ ती दिसत नाही. आमच्या खिडकीवरचं धुकं पाहून मी निकाल दिला तो किती कच्चा होता, ते इथेच कळलं.

पहिलं यंत्र केलं ते भिरभिरं. ॲल्युमिनियमच्या केक-ट्रेची पाती कापली, मध्ये टाचणी, आणि ते पातेल्याच्या वर टांगलं. मस्त फिरायला लागलं. मोठ्या मुलाने मोबाईलवर फेरे मोजले. मी खूश. मग त्यानेच विचारलं, "बाबा, रिकामा तवा ठेवला तर?" ठेवला. भिरभिरं आणखी जोरात फिरलं! तव्यात पाण्याचा थेंब नाही आणि आमचं यंत्र सांगतंय वाफच वाफ. ते वाफ मोजत नव्हतंच, वर चढणारी गरम हवा मोजत होतं. पहिलं यंत्र केराच्या डब्यात.

दुसरं यंत्र : स्टीलचं ताट तिरकं धरायचं, वर बर्फ, खाली आमटीचं पातेलं. वाफ ताटाला लागून थेंब होतील आणि घरंगळून औषधाच्या मापात पडतील. पडलेही. पण पहिल्या पाच मिनिटांत भरपूर आणि नंतर कमी कमी. आमटी तशीच खळखळत होती, ताट मात्र तापलं होतं. त्यातून बाजूने निसटणारी वाफ वेगळीच. म्हणजे हे यंत्र ताटाचा थंडपणा मोजत होतं.

एका हितचिंतकाने सुचवलं की कुकरची शिट्टी काढून तिथे प्रेशर गेज बसव. हे मात्र कोणीही, कधीही करू नका. कुकरची शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांना हात लावायचा नाही. आत सुमारे 120 अंश तापमान असतं आणि बाहेरच्या हवेपेक्षा चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो जास्त दाब. शिवाय गेज दाब सांगेल, वाफ किती बाहेर गेली ते नाही सांगणार.

मी ताट पुसत बसलो होतो. आई शेजारी लसूण सोलत होती. दोन दिवसांनी पहिल्यांदा स्वतःहून बोलली. "काय मोजतोयस?"

म्हटलं, "पातेल्यातून किती पाणी उडून जातं ते."

"मग त्याला एवढं काय? पातेलं आधी तोल, मग तोल."

मी बघतच राहिलो. आईचं माहेर साताऱ्यातलं, आळीत कंदी पेढेवाले. ती म्हणाली, "खव्याच्या कढईपाशी दुसरं काय करतात? म्हशीचं पाच लिटर दूध घातलं आणि किलोभर खवा उतरला, तर बाकीचं गेलं कुठे? वरच गेलं ना!"

एवढंच! ज्याची वाफ झाली ते पातेल्यातून गेलं. ती कुठे गेली याच्या मागे धावायची गरज नाही. मागे काय उरलं ते तोला. शंभर ग्रॅम वजन कमी झालं तर शंभर ग्रॅम वाफ गेली. शेकडो वर्षं हलवाई हेच करत आलेत आणि मी तिथे बर्फ घेऊन उभा!

मग आमचं तिसरं आणि खरं यंत्र जमलं. त्याचे भाग तीन. छोट्या भांड्यांसाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. गरम भांडं थेट ठेवायचं नाही, वर लाकडी पाट ठेवून काटा शून्यावर आणायचा. मोठ्या वस्तूंसाठी आपणा सर्वांच्या घरी असलेलं उपकरण, बॅगा तोलायचा हुकवाला काटा! वर्षातून एकदा तेवीस किलोच्या भीतीने बाहेर येतो आणि मग ड्रॉवरमध्ये झोपतो, तो. आणि तिसरा भाग म्हणजे फ्रीजवर चिकटवलेला कागद. वस्तू, आधीचं वजन, नंतरचं वजन, फरक. मोजणी करणार मुलगा, लिहिणार धाकटी, देखरेख आजीची.

आईला कुकर पुन्हा खाली काढायला लावला. "प्रयोगासाठी" म्हटल्यावर ती तयार झाली.

आता आकडे ऐका. कुकर, डाळ-भात, तीन शिट्ट्या, झाकण न उघडता गार होऊन तोलला : 70 ग्रॅम वाफ. बस! ज्या शिट्टीला मी एवढा घाबरलो होतो ती अर्धी वाटी पाणीसुद्धा उडवत नव्हती. आवाज मोठा, ऐवज छोटा. मग बटाटे उकडले. उघड्या पातेल्यात, मोठ्या आचेवर, वीस मिनिटं : 460 ग्रॅम. तेच बटाटे झाकण ठेवून, उकळी आल्यावर आच बारीक करून : 70 ग्रॅम. शिजले दोन्हीकडे सारखेच. कारण पाणी एकदा उकळलं की आच कितीही वाढवा, उघड्या पातेल्यात ते शंभर अंशांच्या वर जात नाही. जास्तीची सगळी आच फक्त वाफ करण्यात जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे 540 कॅलरी उष्णता लागते. म्हणजे ती वाफ तुमच्या विजेच्या बिलातही असते.

मग एक अख्खा रविवार मोजला. दोन्ही वेळचा चहा 130 ग्रॅम. दोन कुकर 140. भाजी-आमटी 350. दूध 90. आणि पोळ्या! कणकेचं वजन आणि भाजलेल्या पोळ्यांचं वजन यातला फरक 110 ग्रॅम. बेरीज 820 ग्रॅम. आईचा दिवसभराचा पूर्ण स्वयंपाक एक किलोच्या आतच.

इथे मुलाने काटा उचलला आणि म्हणाला, "बाबा, मग कपडे पण तोलूया ना." आमच्याकडे हिवाळ्यात कपडे वाळत घालायचा स्टँड पॅसेजमध्ये असायचा. बाहेर पाऊस, ड्रायरला बिल. मशीनमधून काढलेली बास्केट हुकवर लावून तोलली, वाळल्यावर पुन्हा तोलली. फरक 2.8 किलो! आईच्या तीन दिवसांच्या स्वयंपाकापेक्षा जास्त पाणी एका धुण्यातून घरात पसरत होतं, आणि तो स्टँड कुठे? धाकटीच्या खोलीच्या दारात. तिथे ठेवला कोणी? मी. का? तर तिथे गॅसच्या हीटरची ऊब येते म्हणून.

तो हीटर हा तिसरा आरोपी. चाकांवरचा, आत नऊ किलोचा सिलिंडर, धुराडं नाही. गॅस जळला की त्यातून पाणी तयार होतं, हे आपण शाळेत शिकलो आणि विसरलो. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून थोडी जास्तच वाफ होते, कारण हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो. संध्याकाळी सिलिंडर तोलला, रात्री तोलला, 900 ग्रॅम कमी. म्हणजे खोलीत सुमारे 1.4 किलो पाणी.

तीनही जोडा. पाच किलो. त्यात आईचा वाटा 820 ग्रॅम, सहाव्या हिश्श्याइतका. बाकीचे पाच हिस्से कपड्यांचे आणि हीटरचे, म्हणजे माझे. इथल्या 'ब्रँझ' या बांधकाम-संशोधन संस्थेच्या तक्त्यात स्वयंपाकाला दिवसाला तीन लिटर आणि घरात वाळवलेल्या एका धुण्याला पाच लिटर असे आकडे आहेत. आमचे दोन्ही त्याहून कमी निघाले, पण कपडे स्वयंपाकाच्या पुढे आहेत हे तिथेही तसंच.

आता तुम्ही म्हणाल, पाच किलो म्हणजे काय मोठंसं? तर हवेची भूक लहान असते. वीस अंशाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे 17 ग्रॅम वाफ धरते. दहा अंशाला जेमतेम साडेनऊ. धाकटीची खोली तीस घनमीटरची. म्हणजे उबदार असताना त्या अख्ख्या खोलीत अर्धा किलो पाणी मावतं, आणि पहाटे ती दहा अंशांवर उतरली की त्यातलं जवळजवळ निम्मं बाहेर पडतं. पडतं कुठे? काचेवर, भिंतीवर, पडद्यामागे, गादीखाली. बुरशी ते पिऊन वाढते.

पण वाफ स्वयंपाकघरातून तिच्या खोलीत खरंच जाते का, हे कळायला आणखी एक यंत्र हवं होतं. तेही घरीच केलं, आणि त्याचा मुख्य भाग आईने दिला. तिचा केस! जिनिव्हाच्या द सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने 1783 साली माणसाच्या केसावर चालणारं आर्द्रतामापक प्रसिद्ध केलं. कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत गेला की केस शंभरात साधारण दोन-अडीच भागांनी लांबतो. तो केस सोड्याच्या पाण्यात उकळून तेल काढायचा. आम्ही भांड्याच्या साबणाने दोनदा धुतला, कारण साताऱ्याच्या बाईचा केस म्हणजे खोबरेल आलंच. पंचवीस सेंटिमीटरचा पांढरा केस, वरचं टोक फळीला चिकटवलं, खालचं एका बारीक काडीभोवती गुंडाळून त्याला छोटं वजन, आणि काडीला कागदाचा काटा. केस पाच मिलिमीटर लांबला की काटा अर्धा फेरा फिरतो.

मापाच्या खुणा करायला दोन गोष्टी. ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवला की जवळजवळ शंभर टक्के. आणि झाकणाच्या डब्यात मीठ घेऊन त्यात थोडंच पाणी घालायचं, मीठ पूर्ण विरघळता कामा नये, नुसतं ओलं गच्च. काही तासांनी त्या डब्यातली हवा बरोबर 75 टक्क्यांना येऊन थांबते. आपलं रोजचं मीठ! दुकानातून आणलेलं आर्द्रतामापकही याने तपासून पाहा, बरेचदा चुकलेलं निघतं.

तो केसकाटा धाकटीच्या खोलीत लावला. आई जेवण करत होती त्या संध्याकाळी तो 68 वरून 71 वर गेला. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक नाही, बाहेरून जेवण, पण स्टँड दारात आणि हीटर चालू : 84.

झालं. निकाल लागला. मी तो फ्रीजवरचा कागद आईपुढे ठेवला आणि म्हटलं, "आई, चुकलं माझं." तिने चष्मा लावून सगळी बेरीज तपासली. मग म्हणाली, "एवढं तोलत बसलास. मला विचारलं असतंस तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, त्या दारातल्या कपड्यांना कुबट वास येतो म्हणून."

हसू नका, पुढे आहे! मोजायची सवय लागली की माणूस थांबत नाही. मी म्हटलं, 820 ग्रॅम तरी घरात का राहावेत? वर रेंजहूड आहे, आवाज करतो, टिश्यू पेपर धरला तर चिकटतो. मग खिडकीवर धुकं का? शेवटी छताच्या झडपेतून टॉर्च घेऊन वर चढलो. रेंजहूडचा पाइप छपरातून बाहेर गेलेलाच नव्हता. माळ्यावर तोंड उघडं टाकून पडला होता. आमच्या सगळ्या फोडण्यांचा वास वर जपून ठेवलेला, आणि भोवतालचं लाकूड काळं.

इथे भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी कान द्या. 2019 सालापासून या देशात 'हेल्दी होम्स स्टँडर्ड्स' आहेत आणि 1 जुलै 2025 पासून ती सर्व भाड्याच्या घरांना लागू आहेत. स्वयंपाकघरातला पंखा हवा बाहेर, म्हणजे घराच्या बाहेर टाकणारा पाहिजे. नव्या पंख्याचा पाइप किमान 150 मिलिमीटरचा किंवा क्षमता सेकंदाला किमान 50 लिटर. न्हाणीघरात 120 मिलिमीटर किंवा 25 लिटर. बैठकीच्या खोलीत 18 अंशांपर्यंत ऊब देणारं पक्कं साधन पाहिजे. आम्ही घरमालकाला फोटो आणि आकडे पाठवले. "घरात ओल आहे" असं आधी दोनदा लिहिलं होतं तेव्हा उत्तर आलं होतं, "खिडक्या उघडत जा." आकडे पाठवल्यावर पंधरा दिवसांत माणूस शिडी घेऊन आला. आणि गॅसचा हीटर आम्ही बंदच केला, हीट पंप लावून घेतला. कपड्यांचा स्टँड गेला गॅरेजमध्ये, खिडकी उघडी ठेवून.

धाकटी बरी झाली का? तुमच्या मनातला प्रश्न तोच असणार. मी खरं तेच सांगतो. पंप चालू होता, औषध चालू होतं, आणि मग वसंत आला. कशाने किती फरक पडला हे आमच्या एका घरावरून ठरत नाही. पण ऑगस्टनंतर ती रात्री उठून बसली नाही आणि केसकाटा 70 च्या वर फारसा गेला नाही, एवढं कागदावर आहे. जे एका घरावरून ठरत नाही ते ठरवायला शेकडो घरं लागतात, आणि ते काम याच देशात झालंय. ओटागो विद्यापीठाच्या वेलिंग्टनमधल्या प्राध्यापक फिलिपा हाउडन-चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1,350 घरांचा अभ्यास केला. निम्म्या घरांना आधी इन्सुलेशन घातलं, निम्म्यांना वर्षभराने, आणि दोन्ही पारडी ताडून पाहिली. इन्सुलेशनवाल्या घरांतल्या झोपायच्या खोल्या जास्त उबदार आणि कोरड्या होत्या, छातीची घरघर कमी होती, मुलांचे शाळेचे खाडे कमी होते. 2007 साली ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं.

आता शेवटचं. दूध दाटत चाललंय, मला वास येतोय. वाफ म्हणजे वाईट, असं मात्र घरी घेऊन जाऊ नका. कारण आपण बसलोय ते ठिकाण कोणतं? ईस्ट टामाकी! इथून गाडीने थोड्याच अंतरावर फिशर अँड पायकल हेल्थकेअरचा मोठा कॅम्पस आहे. आपण रोज त्यावरून जातो. तिथे काय बनतं माहीत आहे? मोजून दिलेली वाफ.

गोष्ट 1969 सालची. ऑकलंड हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागाचे डॉक्टर मॅट स्पेन्स यांच्यापुढे एक अडचण होती. श्वासासाठी घशात नळी घातलेल्या रोग्याची हवा नाकातून जात नाही. आपलं नाक प्रत्येक श्वास गरम आणि ओला करून आत पाठवतं. ते काम थांबलं की कोरड्या हवेने छातीतला कफ सुकून घट्ट होतो. डी.एस.आय.आर. या तेव्हाच्या सरकारी संशोधन खात्यातले अल्फ मेलव्हिल आणि फिशर अँड पायकलचे डेव्ह ओ'हेअर यांच्या साथीने जे पहिलं यंत्र झालं, ते कशाचं होतं? फळं टिकवून ठेवायच्या काचेच्या बरणीचं! प्रत्येक किवी आजीच्या फडताळात असते तसल्या बरणीचं. फ्रीज आणि वॉशिंग मशीन बनवणारी कंपनी 1971 पासून ही ह्युमिडिफायर विकायला लागली. शरीराला हवं असतं ते माप ठरलेलं आहे : 37 अंश तापमान आणि लिटरभर हवेत 44 मिलिग्रॅम पाणी. कमी झालं तर छाती सुकते, नळीत थंड झालं तर पाणी साचतं, म्हणून नळीलाही आतून तार घालून ऊब देतात. 2020-21 च्या कोरोनाकाळात नाकातून जोराने ऑक्सिजन देण्याच्या उपचाराचं नाव आपण साताऱ्या-पुण्याच्या नातेवाइकांकडून फोनवर ऐकलं असेल. त्यातही हवा अशीच गरम आणि ओली करून द्यावी लागते.

बघा हं. तीच वाफ. माझ्या पॅसेजमध्ये अडीच-तीन किलो न मोजता सोडली तर पोरीच्या छातीला त्रास, आणि बरणीतून मिलिग्रॅमने मोजून दिली तर जीव वाचतो. फरक वाफेत नाही, मापात आहे. आणि माझ्या घरी त्याहून महत्त्वाचं काही पणाला लागलं होतं. मी मोजलं नसतं तर धाकटीच्या दारातला स्टँड तसाच राहिला असता आणि आई मात्र जुलैतच परत गेली असती, आपल्या रांधण्याने नात आजारी पडली हे मनात घेऊन. ते ओझं मला कुठल्याच काट्यावर नंतर तोलता आलं नसतं.

आपल्यापैकी खूप जणांकडे आई-वडील, सासू-सासरे येतात. परक्या देशात, बंद घरात, थंडीत. घरात काही बिघडलं की आपली नजर पहिल्यांदा नव्याने आलेल्या माणसाकडे जाते. तेव्हा एवढंच करा. आधी मोजा. काटा तुमच्या ड्रॉवरमध्ये आहेच.

... बरं, वहिनी खूण करतायत. गॅस बंद केला? आणा, सांभाळून. दोघांनी धरा. फळीवर ठेवा. किती? पंधरा किलो. म्हणजे 1.4 किलो वाफ या हॉलमध्ये आलेली आहे आणि तो वरचा पंखा जर माझ्या जुन्या घरासारखा नसेल तर ती बाहेर गेली असेल. कोणाचा अंदाज दीड किलो होता? तुमचा? या, पुढे या.

तुम्हाला ग्लास मिळेपर्यंत बाकीच्यांनी बाहेर जाऊन चंद्र बघून घ्या. इथला चंद्र आपल्या गावच्या चंद्राच्या मानाने उलटा दिसतो, ससा डोक्यावर उभा असतो. पण दूध मात्र तसंच आटतं.

आई यंदा पुन्हा आली आहे. ती तिकडे दुधापाशी उभी आहे, वेलदोडे घेऊन. आता घाल गं, आई. माझं बोलून झालं.